खोली क्रमांक 412

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मागच्या पत्राला आठ महिने झाले आणि मी त्याचे उत्तर दिले नाही. त्याबद्दल तू रागावलेला असशील, आणि तो राग योग्यच आहे. आज लिहायला बसलो ते मात्र त्या उत्तरासाठी नव्हे. जहाजावर एक गोष्ट घडली आणि ती तुझ्याखेरीज कोणाला सांगता येईल असे मला वाटत नाही. घरात सांगितली तर सगळे मला समजूत घालतील. मला समजूत नको आहे. मला तुझे मत हवे आहे.

प्रकृतीचे म्हणशील तर सर्व ठीक. जहाजावरून उतरून चार दिवस झाले, तरी डोळे मिटून उभा राहिलो की पायाखाली अजून थोडेसे डोलल्यासारखे वाटते. ते आपोआप जाते, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले होते.

आईला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली म्हणून ताईने ही सात रात्रींची सफर ठरवली. आम्ही चौघे, ताई आणि भाऊजी, आणि आई. ताईचा स्वभाव तुला ठाऊक आहे. तिने मनात आणले की बाकीच्यांनी पिशव्या भरायच्या. पण खरे सांगतो, जहाज पहिल्यांदा धक्क्याला लागलेले पाहिले तेव्हा मला सर्वांत आधी तुझी आठवण झाली. शाळेत असताना जहाजाचे टन म्हणजे त्याचे वजन की नाही यावरून आपण भांडलो होतो आणि पंधरा दिवस एकमेकांशी बोललो नव्हतो. आता लेखी कबूल करतो, तू बरोबर होतास. प्रवासी जहाजाचा जो आकडा सांगतात तो वजनाचा नसतो, आतल्या बंदिस्त जागेच्या घनफळावरून तो काढतात. टायटॅनिक सुमारे 46,000 टनांचे होते आणि 2024 साली प्रवासाला लागलेले आयकॉन ऑफ द सीज 2,48,663 टनांचे आहे, म्हणजे त्याच्या पाचपटीहून मोठे. आमचे जहाज इतके अजस्र नव्हते, तरी छोटीने पहिल्याच संध्याकाळी विचारले की बाराव्या मजल्यावर एकदम चौदावा कसा येतो, मधला मजला कोणी पळवला? आई म्हणाली, "तेरावा मजला धुवायला टाकलाय." आई तशीच आहे, बापू. पुढचे वाचताना हे विसरू नकोस.

निघण्यापूर्वी सर्वांना आणीबाणीचा सराव करावा लागतो. सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की आपापल्या ठरलेल्या ठिकाणी जमायचे. पूर्वी हा सराव निघाल्यानंतर 24 तासांच्या आत घेतला तरी चालत असे. जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे प्रवासी जहाज खडकावर आपटून कलंडले आणि 32 माणसे गेली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव व्हायचा होता. त्यानंतर नियम बदलला. हे मी तुला सांगण्याचे कारण असे की त्या सरावात आमची जमण्याची जागा कोणती हे मुले विसरली, मी कार्डावर शोधू लागलो, आणि आईने मात्र अक्षर, मजला आणि कोणत्या जिन्याने जायचे हे तिन्ही एका दमात सांगितले. मला तिचा अभिमान वाटला. चौथ्या दिवसानंतर मी त्या क्षणाला पुरावा म्हणून पुन्हा पुन्हा धरून बसलो आहे.

चौथा दिवस संपूर्ण समुद्रावरचा होता, कुठलेच बंदर नव्हते. दुपारी आम्ही पुढच्या बाजूच्या सभागृहात बसलो होतो. तिथे गारवा फार होता, म्हणून आई म्हणाली, "मी शाल घेऊन येते." आमची आणि तिची खोली शेजारीशेजारी होती, आठव्या मजल्यावर. तिची 8226, छोटीबरोबरची. मी सोबत येऊ का विचारले, तर तिने नुसता हात हलवला. तीन दिवस ती एकटी जात-येत होती. गालिच्यावर विणलेले मासे जहाजाच्या नाळेकडे तोंड करून पोहतात, हा शोध छोटीने लावला होता आणि आजीला शिकवला होता, म्हणजे पुढचे कोणते आणि मागचे कोणते हे मासे सांगत.

अर्धा तास झाला तेव्हा मला काहीच वाटले नाही. पाऊण तासाने तुझी वहिनी खोलीवर जाऊन आली, तिथे शाल खुर्चीवर तशीच होती. मग आम्ही शोधू लागलो. एवढ्या मोठ्या जहाजावर माणूस शोधणे काय असते हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. प्रत्येक मजल्यावर लांबच लांब दोन बोळ, एक डाव्या अंगाला, एक उजव्या, दोन्हींत तीच दारे, तेच दिवे, तेच मासे. वाचनालय, पोहण्याच्या तलावाचा परिसर, नाट्यगृह, सगळीकडे तिच्या वयाच्या, पांढऱ्या केसांच्या, पाठमोऱ्या बायका. बंदरात असतो तर निदान हे कळले असते की ती उतरली की नाही, कारण चढता-उतरताना प्रत्येकाचे कार्ड तपासले जाते. समुद्रावर ती नोंद कुठून असणार? ती जहाजावर असायला हवी, एवढेच आम्हाला म्हणता येत होते.

खोलीतल्या दूरदर्शन संचावर जहाजाचा वेग सतत दाखवतात. मी शाल पाहायला दुसऱ्यांदा खोलीत गेलो तेव्हा त्यावर 20 नॉट दिसत होते. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर. नको असताना माझ्या डोक्याने गुणाकार केला आणि ती सापडेपर्यंत तो पुढे पुढे वाढवत नेला. एक तास पन्नास मिनिटे. 68 किलोमीटर. आपण पुढे आलो तेवढे पाणी मागे. मी बाल्कनीच्या कठड्यापाशी उभा राहून तो छातीच्या खाली किती येतो हे हाताने मोजले. अमेरिकेत 2010 साली झालेल्या कायद्याप्रमाणे तिथल्या बंदरांत जाणाऱ्या प्रवासी जहाजांचे कठडे किमान 42 इंच उंच असावे लागतात आणि आमचा तेवढा होता. आई पाच फूटही नाही. पडणे शक्य नव्हते, हे मला कळत होते, आणि तरी मी खाली पाहत उभा होतो. हे मी वहिनीलाही सांगितलेले नाही.

शेवटी स्वागतकक्षाकडून निरोप आला की आजी सापडल्या आहेत, सुखरूप आहेत.

ती आमच्याच मजल्यावर होती. आमच्याच बाजूच्या बोळात, पण पार मागे, 8412 या दारासमोर. खोल्या आवरणाऱ्या एका तरुणाने तिला खुर्ची आणून दिली होती आणि तो स्वतः तिच्याजवळ उकिडवा बसला होता. त्याने सांगितले की त्यांनी मला 412 असे सांगितले, म्हणून मी या दाराशी आणले. आतली माणसे बाहेर गेली होती, तेव्हा त्याला वाटले घरचेच आहेत, येतील. कार्डावर सुरक्षेसाठी खोलीचा क्रमांक छापत नाहीत, त्यामुळे त्याला पडताळताही आले नाही. बराच वेळ कोणी येईना तेव्हा त्याने फोन केला. प्रत्येक सफरीत दहा-वीस जण तरी असे चुकतात, असे तो हसून म्हणाला, आणि ते खरे असणार. पहिल्या दिवशी भाऊजी वरच्या मजल्यावरच्या परक्या दाराला कार्ड लावून पाच मिनिटे उभे होते.

मी धावत गेलो आणि मोठ्याने "आई!" म्हणालो. तिने वर पाहिले आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू बोल."

बापू, 412.

तुला आठवत असेल. तुला आठवणारच, कारण बाबांच्या शेवटच्या अकरा रात्री तू आणि मी आळीपाळीने रुग्णालयातल्या त्याच क्रमांकाच्या खोलीत काढल्या. ताई तेव्हा परदेशात होती. छोटी दोन महिन्यांची होती, म्हणून वहिनी घरीच होती. दारावरचा तो निळा आकडा आई, तू आणि मी, तिघांनीच रोज पाहिला. म्हणून संध्याकाळी सगळे हसले तेव्हा मला हसता आले नाही. ताई म्हणाली, "226 चं 412 कसं गं केलंस? निदान थोडं तरी जवळचं चुकायचं!" आईही हसली. त्या रात्री ती पत्त्यांत दोन्ही मुलांकडून जिंकली, थोरल्याने लपवलेले पान तिने पकडले, आणि उद्या घड्याळ एक तास पुढे करायचे आहे ही जहाजावरची सूचना तिनेच आम्हाला आठवण करून दिली.

आता माझे काय होते ते ऐक. दिवसा मला वाटते की हे जहाजाने केले. त्या बोळात तूही उभा राहिलास तर तुला कळेल. दोन्ही बाजूंना भिंतीला धरायला दांडे, जहाज हलले तर आधार म्हणून. एकसारखी बंद दारे. चाकांच्या गाड्या ढकलत हळू बोलणारी माणसे. आणि प्रत्येक भोजनगृहाच्या दाराशी जंतुनाशकाचा वास. पोटाच्या साथींच्या भीतीने जहाजावर हात धुण्याचा आग्रह सतत असतो, आणि तिथल्या परिचारिकेने मुलांना बजावले होते की नुसत्या जंतुनाशकाने नोरोव्हायरस नीट जात नाही, साबण आणि पाणीच हवे. आई त्या वासातून दिवसातून सहा वेळा जात होती. दुपारची वेळ, बोळात कोणी नाही, खाली इंजिनाची बारीक थरथर. त्या माणसाने विचारले असेल, आजी, खोली कोणती? तिच्या तोंडून तिच्या आयुष्यातला बोळातला सर्वांत महत्त्वाचा आकडा बाहेर आला. यात रोग कुठे आहे? यात तर स्मरणशक्ती आहे, विसर नाही. आणि दुपारी लोक झोपलेले असतात, तिथे मुलगा ओरडत आला तर कोणतीही आई "हळू बोल" म्हणेल.

रात्री मात्र मला तुझे दादा दिसतात. ते जुन्या कार्यालयाच्या दाराशी जाऊन उभे राहिले होते, निवृत्तीनंतर बारा वर्षांनी, डबा घेऊन. तू मला ते सांगायला मुद्दाम आला होतास आणि मी म्हणालो होतो, "म्हातारपणी सगळेच विसरतात, तू उगाच बाऊ करतोस." तू उठून गेलास. त्यानंतरचे वर्षभर आपण बोललो नाही, आणि मी दरवेळी लोकांना सांगत राहिलो की तू विक्षिप्त झाला आहेस. आता त्या वाक्याची लाज वाटते. तू माझ्याकडे उत्तर मागायला आला नव्हतास, नुसते कोणीतरी घाबरावे तुझ्याबरोबर, एवढेच तुला हवे होते. हे मला कळायला स्वतःच्या आईला त्या खुर्चीवर पाहावे लागले. मला माफ कर.

आता मला सांग, तुम्हाला आधी काय दिसले? डबा घेऊन जाण्याच्या आधी काहीतरी असणार. तू एकदा लिहिले होतेस की डॉक्टरांनी आधी रक्त तपासले, थायरॉईड आणि ब 12 जीवनसत्त्व कमी पडले तरी असे होऊ शकते म्हणून. मी तेवढे करून घ्यायचे ठरवले आहे, पंचाहत्तरीची तपासणी असे सांगून. पण तिला खरे कारण सांगावे का? ती विचारेल. आणि ताईला 412 म्हणजे काय ते सांगावे का? तिने ही सफर इतक्या प्रेमाने आखली, आणि बाबांच्या त्या अकरा दिवसांत आपण नव्हतो ही खंत तिला आजही आहे. मी सांगितले तर दोन्ही जखमा एकदम उघडतील. नाही सांगितले तर पुढे ती मला विचारेल की तुला तेव्हाच कळले होते ना? तुझ्या धाकट्या भावाने तुला तेच विचारले होते, आणि तू काय उत्तर दिलेस ते तू मला कधी सांगितले नाहीस.

उरलेल्या तीन दिवसांत मी तिला एकटे सोडले नाही. तिच्या ते लक्षात आले. सहाव्या संध्याकाळी आम्ही मागच्या डेकवर उभे होतो, जहाजाच्या मागे पांढरा पट्टा सरळ क्षितिजापर्यंत गेलेला. ती म्हणाली, "किती लांबपर्यंत दिसतं रे आपण कुठून आलो ते." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तू माझ्या मागेमागे फिरू नकोस. मी पडणार नाही." मी कठड्याबद्दल तिला एक शब्दही बोललो नव्हतो.

तुझ्याकडचे सर्व कळव. नवीन घरात राहायला गेलात का, मुलीच्या परीक्षेचे काय झाले, काकूंचे डोळे कसे आहेत, सगळे सविस्तर लिही. मी विचारायला उशीर केला आहे, तरी लिही.

आणखी एक. शेवटच्या रात्री सामान खोलीबाहेर ठेवायचे असते, सकाळी ते थेट धक्क्यावर मिळते. त्यासाठी प्रत्येक पिशवीला चिठ्ठी बांधावी लागते. आईने हट्टाने सातही चिठ्ठ्या स्वतः लिहिल्या, नाव, मजला, खोली, पत्ता. ती झोपल्यावर मी बोळात जाऊन एकेक चिठ्ठी दिव्याखाली धरून वाचली. सगळे आकडे बरोबर होते. तिच्या पिशवीवर 8226 स्पष्ट लिहिले होते. पण तू म्हणाला होतास की दादांचे अक्षर आधी बदलले, विसरणे नंतर आले. त्यातली एक चिठ्ठी मी सोडवून घेतली आहे आणि या पत्रासोबत पाठवतो आहे. तिने बाबांच्या वेळी तुला पाठवलेले आभाराचे पत्र तुझ्याकडे अजून असेल. दोन्ही शेजारी ठेवून पाहा, आणि जे दिसेल ते मला लिही.

तुझा,
नाना