मटकी जिवंत असते का?

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडली होतीस. चाचणीत कोरडी मटकी सजीव की निर्जीव असं विचारलं, तू निर्जीव लिहिलंस आणि दोन मार्क गेले. वाढत नाही, हलत नाही, मग सजीव कशी, हा तुझा मुद्दा. तेव्हा दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून लिहूनच कळवते.

मार्क गेले ते बरोबरच गेले. पण दोष तुझ्यापेक्षा सजीवांच्या लक्षणांच्या त्या पाठ केलेल्या यादीचा. वाढतात तर मिठागरातले मिठाचे खडेही. आणि खेचराला सहसा पिल्लू होत नाही, म्हणून ते काय दगड झालं?

काल रात्री मटकीचं गाठोडं सोडलं आणि आत हात घातला, तर चांगलं ऊन लागलं. चुलीजवळ ठेवलं नव्हतं, पाणीही गारच शिंपडलं होतं. ती ऊब दाण्यांची स्वतःची. भिजल्यावर दाणा ऑक्सिजन घेतो, साठवलेला स्टार्च मोडून वापरतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि त्यातली बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. तुझ्या पुस्तकात याला श्वसन म्हणतात. मी एवढंच जाणते की मोठं गाठोडं घट्ट बांधलं तर मधल्या दाण्यांना हवा मिळत नाही आणि सकाळी माल बुळबुळीत होऊन वास मारतो. दिवाळीत पाच किलो असे गेले होते, आठवतंय ना? बी.एस्सी. बॉटनी करून माझी ही अक्कल!

डब्यातल्या कोरड्या दाण्यात हेच काम इतकं मंद चालतं की जवळजवळ थांबल्यासारखं. पाणीच नसतं ना त्यात फारसं. पण सगळी मांडणी जागच्या जागी असते. इस्राएलमध्ये मसादा या प्राचीन किल्ल्याच्या उत्खननात सापडलेलं खजुराचं सुमारे २००० वर्षांचं बी २००५ मध्ये पेरलं, तर उगवलं. तेवढी वर्षं ते मेलेलं होतं असं कसं म्हणायचं?

आता उलटं बघ. मूठभर मटकी कढईत खमंग भाजली आणि भिजत घातली. फुगली ती, पण मोड काही येईना. कार्बन तोच, नायट्रोजन तोच, मग गेलं काय? आतल्या प्रथिनांच्या घड्या विस्कटल्या, पेशींची पटलं फाटली. सामान सगळं घरातच आहे, पण कुठलीच वस्तू जागेवर नाही. आणि ती परत जागेवर लावणारं कुणी नाही, कारण पेशी पेशीपासूनच होते. रुडॉल्फ फिरखो या जर्मन डॉक्टरनं हे १८५५ मध्ये ठासून मांडलं. तेव्हा तुझ्या डब्यातली मटकी कुठल्या तरी शेतातल्या मटकीची, ती तिच्या आधीच्या मटकीची, अशी मागे जात राहा. ती साखळी मध्ये एकदाही तुटलेली नाही. मला हे गाठोडी बांधताना कधीकधी आठवतं आणि उगाच हात हळू होतो.

राहिला गणंग. उसळीत दाताखाली कडकन येतो, तो. तुझी आजी त्याला मेलेला दाणा म्हणते. पण गणंग बहुधा जिवंत असतो. त्याचं साल इतकं कडक की पाणीच आत जात नाही. पॉलिश पेपरवर जरासा घासला की भिजतो आणि मोडही येतो.

बाबांबरोबर तीन पुड्या पाठवतेय: साधी मटकी, भाजलेली आणि गणंग. तिन्ही वेगवेगळ्या वाटीत भिजव. गणंगांपैकी निम्मे घासून घे. दुसऱ्या दिवशी पाणी काढून ओल्या फडक्यात ठेव, डब्याचं झाकण घट्ट लावू नकोस. रूममेटला आधी सांगून ठेव, नाहीतर ती टाकून देईल. साधीला मोड आले की कांदा-लिंबू घालून खाऊन टाक, मेसच्या जेवणापेक्षा बरं. गणंगांचं काय झालं ते रविवारी फोनवर सांग.

तुझी,
आई