भाजलेली गर्भवती आणि पोटातलं बाळ

महोदय,

जळीत विभागात मी बरीच वर्षं परिचारिका होते. सातव्या महिन्यातली एक बाई आजही आठवते. उकळतं पाणी मांडीवर सांडलेलं, पण जखमेकडे तिचं लक्षच नव्हतं. ‘बाळ हलेना झालंय, बघा ना,’ एवढंच ती म्हणत होती. डॉपलर यंत्रातून बाळाचे ठोके ऐकू आले तेव्हा कुठे तिनं ड्रेसिंग करू दिलं.

तिची भीती अनाठायी नव्हती. त्वचा मोठ्या भागावर भाजली की अंगातलं पाणी झपाट्यानं कमी होतं, रक्तदाब घसरतो आणि गर्भाशयाकडचा रक्तपुरवठा आटतो. धूर छातीत गेला असेल तर प्रकरण आणखी अवघड. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वारेतून बाळापर्यंत पोहोचतो आणि आईपेक्षा बाळाच्या रक्तात जास्त वेळ टिकून राहतो. पुढे जंतुसंसर्ग, अकाली कळा. निम्म्याहून अधिक शरीर भाजलं तर दोघांच्याही जिवाला मोठा धोका असतो.

आणि तरी घरचे टूथपेस्ट फासून सकाळ होण्याची वाट बघतात! भाजलेला भाग साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरावा, बर्फ लावू नये. जखम लहान असली तरी बाळाचे ठोके तपासून घ्यावेत. दिवस भरत आलेले असतील तर दवाखान्यात नेताना तिला डाव्या कुशीवर झोपवावं. नुसती पाळी चुकलेली असेल तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगावं. त्या धावपळीत ते विचारतीलच असं नाही.

– एक निवृत्त परिचारिका