चिऊ अजून साडेसात वर्षांचीच आहे

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू फारसं बोलला नाहीस. नंतर सूनबाईशी मात्र बराच वेळ बोलणं झालं. तुझ्याशी समोरासमोर बोलले असते तर तू विषय बदलला असतास, म्हणून लिहिते आहे.

चिऊ वेळेआधी वयात येते आहे, तिच्या तब्येतीची काळजी आहेच, पण माझी नोकरी बालरोग विभागात गेली. अशा मुली पाहिल्या आहेत, त्या पुढे छान मोठ्या झालेल्याही पाहिल्या आहेत. मला जास्त काळजी तुझ्या वागण्याची वाटते. डॉक्टरांकडून आल्यापासून तू तिला जवळ घेत नाहीस. मांडीवर येऊन बसली की उठून जातोस. मुलांबरोबर खेळायला जायचं नाही, असंही तिला सांगितलंस. का, ते सांगितलं नाहीस. आणि सांगणार तरी काय, तिने काही केलेलंच नाही.

आधी तिच्या शरीरात काय चाललंय ते समजून घे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग असतो. जन्मानंतरचे काही महिने तो या बाबतीत जागा असतो, मग कित्येक वर्षं गप्प बसतो. वेळ आली की थांबून थांबून, सुरुवातीला रात्री झोपेत, एक हॉर्मोन सोडायला लागतो. त्यावर त्याच्या खालची पिट्युटरी ग्रंथी जागी होते, आणि तिच्यामुळे मुलींचे बीजांडकोश नि मुलांची वृषणं कामाला लागतात. मुलींमध्ये ही सुरुवात साधारण ८ ते १३ या वयात होते, मुलांमध्ये ९ ते १४. मुलीच्या छातीची वाढ ८ वर्षांच्या आत किंवा मुलाच्या वृषणांची वाढ ९ वर्षांच्या आत दिसायला लागली, तर डॉक्टर त्याला अकाली वयात येणं म्हणतात आणि तपासण्या करतात. चिऊच्या बाबतीत घड्याळ लवकर सुरू झालंय, एवढंच.

का सुरू झालं, यावरून तुम्हा दोघांत जे चाललंय ते आता थांबवा. मुलींमध्ये बहुतेक वेळा शोधूनही कारण सापडत नाही. मुलांमध्ये ते सापडण्याची शक्यता जास्त असते, म्हणून मुलगा असेल तर डॉक्टर जास्तच कसून शोधतात. मेंदूत गाठ वगैरे नाही ना, हे पाहायला चिऊचा एमआरआय काढला आणि तो स्वच्छ आला, ही किती मोठी गोष्ट आहे! वजन फार वाढलं तर मुली लवकर वयात येतात हे खरं, पण चिऊ अंगाने बारीकच आहे. काही घरांत हे आनुवंशिक असतं. एमकेआरएन३ नावाच्या जनुकातला दोष तर वडिलांकडून आला तरच परिणाम दाखवतो. तुझ्याकडूनच आलं असं मी म्हणत नाही. सूनबाईच्या खाण्यापिण्यावर आणि लाडांवर बोट ठेवतोस, म्हणून सांगितलं. आपली जनुकं कोणी निवडून घेत नाही.

आता उंचीचं. वर्गात सगळ्यात उंच आहे म्हणून तू कौतुकाने सांगायचास. ती उंची याचमुळे आहे. बीजांडकोशातून येणाऱ्या इस्ट्रोजेन या हॉर्मोनमुळे हाडं आधी भराभर वाढतात, पण तेच इस्ट्रोजेन हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा भाग लवकर बंदही करतं. म्हणून आज उंच दिसणारी मुलगी मोठेपणी बुटकी राहू शकते. डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढला तो हाडांचं वय पाहायला. चिऊचं ते साडेदहा आलंय. सगळ्याच मुलींना औषध लागत नाही. काहींची वाढ सावकाश चालते, तिथे नुसतं लक्ष ठेवलं तरी भागतं. चिऊची तशी नाही. सहा महिने वाट पाहून झाल्यावर डॉक्टर आता इंजेक्शन म्हणतायत, तर माझंही मत घ्यावं असंच आहे.

या औषधाला तू घाबरलायस, तर त्याचं काम सांगते. मेंदूचा निरोप थांबून थांबून आला तरच पिट्युटरी तो ऐकते. इंजेक्शनमुळे तोच निरोप सारखा येत राहतो. दारावरची बेल कोणी दाबूनच धरली तर आपण उठून बघायचं सोडून देतो ना, तसंच ग्रंथीचं होतं. सुरुवातीला एखाद वेळी पाळीसारखा थोडा रक्तस्राव होतो, तेव्हा घाबरून जाऊ नका. इंजेक्शन महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यायचं, साधारण अकराव्या वर्षाच्या आसपास बंद करायचं. मग थांबलेलं सगळं आपोआप पुन्हा सुरू होतं. १९८० च्या दशकापासून ही औषधं मुलांना देतायत. पुढे मूल होण्यात त्यामुळे अडचण येते, असं दिसलेलं नाही. उंचीचा सर्वात जास्त फायदा सहा वर्षांच्या आत सुरू केलं तर होतो, आणि चिऊ साडेसातची झालीय, तेव्हा आणखी टाळाटाळ करू नकोस.

पण इंजेक्शनने सगळं होणार नाही, आणि हा भाग तुझ्याकडे आहे. चिऊला पाहून लोकांना ती दहा-अकरा वर्षांची वाटते. मग तिने रडू नये, हट्ट करू नये, समजून घ्यावं अशी अपेक्षा होते. तिचं मन मात्र दुसरीतल्या मुलीचंच आहे. भावना आवरणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा भाग तर विशीच्या मध्यापर्यंत तयार होत असतो. लवकर वयात येणाऱ्या मुलींमध्ये उदासी आणि चिंता जास्त दिसते. वर्गात चिडवतात. मोठ्यांच्या नको त्या नजरा येतात, आणि त्या का येतात हेही मुलीला कळत नाही. अशा वेळी घरातला बाप लांब झाला, तर ती काय समजेल? माझ्या अंगातच काहीतरी वाईट आहे, हेच. लहान मुलं याहून दुसरा अर्थ लावत नाहीत.

म्हणून तिला जवळ घे, अगदी पूर्वीसारखं. पुढे कधी तिलाच नको वाटलं तर ती सांगेल, तेव्हा ऐक. खेळणं बंद करू नकोस. वाईट नजर दुसऱ्याची असेल तर तिला घरात का कोंडायचं? आपल्या अंगाला कोणी हात लावायचा नाही आणि लावला तर लगेच सांगायचं, हे तिला समजेल अशा शब्दांत तुम्ही दोघांनी सांगा. एकट्या सूनबाईवर सोडू नकोस. पाळीबद्दलही आधीच सांगायला हवं. छाती वाढायला लागल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते, औषधाने ती लांबेल, पण शाळेत अचानक रक्त पाहून पोरगी भेदरायला नको. बाईंना विश्वासात घ्या, दप्तरात एक पॅड ठेवा. आणि नातेवाइकांसमोर तिच्या शरीराची चर्चा नको. माझ्या बहिणींनी विचारलं तरी नको, त्यांना मी बघून घेईन.

फार लवकर पाळी आलेल्या बायकांना पुढे मधुमेह, हृदयविकार आणि स्तनांचा कर्करोग यांचा धोका थोडा जास्त असतो, हे तू कुठेतरी वाचून आणखी घाबरलायस. ते 'थोडा जास्त' नीट वाच. वजन आटोक्यात, रोजचं खेळणं, पुरेशी झोप एवढं सांभाळलं तरी बरंच काही आपल्या हातात असतं. खेळणं बंद करू नकोस म्हणते, त्याला हेही एक कारण आहे.

पहिल्या इंजेक्शनला तू रजा घेऊन जा. दुखेल, ते तिला आधी खरं सांग. मुलांना खोटं सांगून टोचलं की पुढच्या वेळी दवाखान्याच्या पायरीवरच रडारड सुरू होते. जागा बधिर करणारं मलम लावता येईल का, तेही डॉक्टरांना विचार. तारीख ठरली की कळव, मी आदल्या दिवशी येते. धाकट्याला मी सांभाळीन, म्हणजे तुम्हा दोघांनाही तिच्याबरोबर जाता येईल.

तुझी,
आई