लॅमिंग्टन रोडच्या काकांना, एका डब्यातल्या फुगलेल्या बॅटऱ्यांबद्दल

लालबाग, मुंबई

ती. काकांस,
शि. सा. नमस्कार.

हे तुम्ही स्वतः वाचणार नाही, मला माहीत आहे. तुमचा फोन बटणांचा, आणि त्याचा तुम्हाला केवढा अभिमान. तुमची नात वाचून दाखवेल. तिला बजावून ठेवलंय की व्होल्टचे आकडे वाचताना पॉइंट गाळू नकोस, नाहीतर काका मध्येच थांबवतील आणि शिव्या मला पडतील.

तुमचं नाव आणि दुरुस्तीच्या दुकानाचा पत्ता मुद्दाम घालत नाही. गर्दी झाली की हात बिघडतो, असं तुम्हीच म्हणता. पण आभार सगळ्यांसमोर मानायचेत, कारण माझ्यासारखी लग्नात ड्रोन उडवणारी पोरं मुंबईत पुष्कळ आहेत आणि त्यातली बरीचशी बॅटऱ्या कुठेही फेकून ठेवतात. मीही ठेवायचो.

तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तो तुळशीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात. सीझन तोंडावर, आणि माझ्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत छोट्या एफपीव्ही ड्रोनच्या (डोळ्यांना गॉगल लावून, ड्रोनच्या कॅमेऱ्यातून बघत उडवतात तो) बॅटऱ्यांचे सहा पॅक, प्रत्येकात चार सेल, क्षमता 1500 एमएएच. त्यातले चार टम्म फुगलेले, पुरीसारखे. माझी मागणी आठवते ना? "काका, बारीक सुई टोचून गॅस काढा आणि वरून टेप मारा. व्हिडिओत बघितलंय."

तुम्ही सोल्डरिंग आयर्न स्टँडला लावलंत. चष्मा कपाळावर गेला. "सुई टोचायला ते काय गळू आहे?"

मग ओरडला नाहीत, हेच नवल. बिलबुकाच्या पाठीमागे चित्र काढलंत. तांब्याचा पातळ पत्रा, मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा, मग अॅल्युमिनियमचा पत्रा, परत पापुद्रा. अळूवडीचे थर असतात तसे. सुईने त्या पापुद्र्याला भोक पडलं की दोन पत्रे एकमेकांना भेटणार, आतल्या आत शॉर्ट, आणि मग गॅस नाही, जाळ. गॅस आला कुठून, तर आतलं रसायन सडून. तो काढला तरी सडलेलं काही परत ताजं होत नाही.

फुगले का, तेही तुम्ही उलटतपासणी घेऊनच काढलंत. मे महिन्यात कर्जतच्या एका फार्महाऊसवर शूट होतं. आदल्या रात्री सगळे पॅक फुल केले, म्हणजे सेलला 4.2, पॅकला 16.8 व्होल्ट. सकाळी वळीव असा कोसळला की मांडवच खाली बसला. शूट रद्द. मी डबा पोटमाळ्यावर टाकला आणि पावसाळाभर विसरलो. आमचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रे, त्यात ऑक्टोबरचं ऊन. मोठ्या ड्रोनच्या बॅटऱ्या शहाण्या असतात, काही दिवस हात लावला नाही की आपणहून थोड्या उतरून बसतात. या पॅकना तेवढी अक्कल नसते. भरल्या पोटी पाच महिने पडून राहिले.

"ना एकादशी, ना श्राद्धाचं जेवण," तुम्ही म्हणालात. "ठेवायची असेल तर अर्धपोटी ठेव." म्हणजे सेलला 3.8, फार तर 3.85. चार सेलच्या पॅकला 15.2 च्या आसपास. माझ्या चार्जरवर 'स्टोरेज' नावाचं बटण होतं, ते मी दोन वर्षांत एकदाही दाबलं नव्हतं. मला वाटायचं त्याचा काहीतरी मेमरी कार्डाशी संबंध असेल. हसू नका.

उरलेले दोन पॅक फुगले नव्हते, ते तरी चालतील असं मी धरून चाललो होतो. तुम्ही मल्टिमीटर लावला. एकाची बेरीज 16 व्होल्ट, मी खूश. मग बॅलन्सच्या पांढऱ्या कनेक्टरमधून, जिथे प्रत्येक सेलची वेगळी तार येते, एकेक सेल मोजलात. तीन सेल 4.1 च्या आगेमागे आणि चौथा 3.7 वर. "चार भावांचं घर आहे हे. एक आजारी. बाहेरून बघणाऱ्याला पगाराची बेरीज दिसते." मग त्याच सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतल्या आत होणारा अडथळा, काढलात, 40 मिलिओहम. बाकीचे तिघे सात-आठवर. तेव्हाही मला काही कळलं नाही. तुम्ही गुणाकार लिहिलात: वर चढताना 60 अँपिअर खेचलेस तर 0.04 गुणिले 60, म्हणजे 2.4 व्होल्ट त्या एका सेलमध्येच गळाले. 3.7 चा सेल क्षणात 1.3 वर. बाकीचे तिघे ओढतील कसंबसं, पण मोटरचा दम जाईल. आणि खाली कोण उभं असेल? नवरा-नवरी.

तो कागद मी घेतला. आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

त्या दिवशी मी नवे पॅक घ्यायच्या तयारीत होतो, पैसे खिशात होते, आणि तुमच्या मागच्या फळीवर चार पॅक दिसतही होते. तुम्ही दिले नाहीत. आधी विचारलंत, चार्ज कुठे करतोस? मी म्हटलं, घरी, आईच्या पलंगापाशी सॉकेट आहे, रात्री लावून झोपतो. तुम्ही बिलबुक मिटलंत. "रविवारी येतो. बघू दे आधी."

गिऱ्हाइकाच्या घरी बॅटरी कुठे चार्ज होते ते बघायला सत्तरी उलटलेला माणूस लालबागला तीन जिने चढून आला, हे मी मित्रांना सांगतो तेव्हा ते मला लोणकढी मारतोय म्हणतात.

दहा बाय बाराच्या खोलीत जागा शोधायला तुम्ही अर्धा तास घेतलात. पलंगाजवळ गादी, नको. ओट्याखाली सिलेंडर, नावच नको. देवघराची फळी लाकडी आणि वर समई. मी म्हटलं बाहेर गॅलरीत लावतो, तर तुम्ही रागावलात. गॅलरी ही वीस बिऱ्हाडांची बाहेर पडायची वाट, तिथे आग लागली तर माणसं जाणार कुठून? मोरीत पाणी. शेवटी खिडकीखालचा कोपरा ठरला. दाराच्या उलट्या बाजूचा, म्हणजे काही झालंच तर आपली वाट मोकळी. तिथला पडदा तुम्ही स्वतः काढून आईच्या हातात दिलात. कडप्प्याचा एक तुकडा खाली, वर मातीची मोठी कुंडी, तळाला वाळू. पॅक कुंडीत, चार्जर बाहेर. मी लगेच वर झाकण ठेवायला गेलो. "घट्ट नको! धुराला वाट पाहिजे. बंद डबा म्हणजे सुतळी बॉम्ब." माझा बिस्किटांचा डबा तेव्हा डोळ्यांसमोर आला.

आई तेव्हापासून तुमच्या पार्टीत आहे. एक 'सी'ने चार्ज करायचं, म्हणजे क्षमतेइतक्याच करंटने, 1500 चा पॅक असेल तर दीड अँपिअर, हे तिला पाठ. बॅलन्स चार्ज, म्हणजे चारही सेल सारखे भरणारा, लावल्याशिवाय चालू करू देत नाही. उडवून आणलेला पॅक गरम असताना लावला की ओरडते, "हाताला पोळतंय अजून, निवू दे." आणि मी खाली चहाला निघालो की आधी प्लग काढायला लावते. रात्री चार्जिंग बंदच. त्यामुळे शूटच्या दिवशी पहाटे चारला उठावं लागतं, तेवढी तक्रार नोंदवून ठेवतो.

आता एप्रिलचं सांगतो. हे तुम्हाला अर्धवटच सांगितलं होतं, फोनवर लोकलचा आवाज होता.

मुंबईत उडवायचं म्हणजे विमानतळ, नौदल, ट्रॉम्बेचं अणुकेंद्र, वर पोलिसांचे मनाई आदेश. म्हणून आमची बहुतेक कामं कर्जत, मुरबाड, अलिबागकडे. त्या रविवारी कर्जतला एका प्री-वेडिंगमध्ये ड्रोन आंब्याच्या फांदीला अडकून खाली दगडावर आला. पंखे तुटले, फ्रेमला चीर. पॅक बघितला, एका कोपऱ्यात नखाएवढा पोचा. फुगलेला नाही, गरम नाही, सेल चारही सारखे. पूर्वीचा मी असतो तर तसाच बॅगेत टाकला असता. पण तुमचं वाक्य डोक्यात बसलेलं: पडलेली बॅटरी तासभर उघड्यावर ठेव, नजरेसमोर, आणि मगच घरी ने. दादा-वहिनींना, म्हणजे त्या जोडीला, सांगितलं की थोडं थांबू. शेताच्या बांधाला मोकळी माती बघून पॅक ठेवला आणि दहा पावलांवर बसलो. फार्महाऊसचा रखवालदार विचारत होता, हे काय अंडं उबवताय?

वीस-पंचवीस मिनिटं काहीच नाही. मग गोडसर वास आला, नेलपॉलिश उघडल्यासारखा. पॅकची एक बाजू वर आली, फुस्स झालं आणि पांढरा धूर, आणि लगेच जाळ. हातभर उंच. एक सेल गेला की शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. मोजून चार. रखवालदार पाण्याची बादली घेऊन धावला, त्याला मीच हाताला धरून मागे ओढलं. त्या धुरात श्वास घ्यायचा नाही, एवढंच मला सुचलं. आजूबाजूला जळण्यासारखं काही नव्हतं. आपोआप विझलं. मातीवर काळा डाग आणि तांब्याच्या पत्र्याचे कुरकुरीत तुकडे.

काका, आमचं पॅकअप वेळेवर झालं असतं तर तो पॅक त्या वेळी कर्जत लोकलच्या वरच्या रॅकवर असता. रविवारची संध्याकाळ, ट्रेकवरून परतणारी पोरं, दारापर्यंत माणूस. दोन स्टेशनांच्या मध्ये. मी दादरपर्यंत उभ्याने आलो, सीट मिळूनही बसलो नाही.

तर आभार त्याचे. चार पॅक विकले नाहीत त्याचे, तीन जिन्यांचे आणि त्या 'तासभर'चे.

फुगलेल्या चार पॅकचं काय केलं तेही लिहितो, कारण विचारणारे खूप आहेत. मिठाच्या पाण्यात बुडवायचं मी म्हणत होतो. तुम्ही नको म्हणालात, पाण्याने आधी कनेक्टरच गंजून तुटतो आणि चार्ज आतच राहतो. त्याऐवजी बाइकचे 12 व्होल्टचे दोन बल्ब एकामागे एक जोडून दिलेत. एकच लावला तर 16 व्होल्टवर उडू शकतो. तुमच्या दुकानामागच्या चौकात, वाळूच्या घमेल्यात, उघड्यावर, समोर स्टूल टाकून मी बसलो. बल्ब पिवळे, मग लाल, मग विझले. तरी तुम्ही ते रात्रभर तसेच जोडून ठेवलेत आणि दुसऱ्या दिवशी ई-कचरा घेणाऱ्याकडे पाठवलेत. घरच्या कचऱ्यात बॅटरी टाकायची नाही, 2022 च्या बॅटरी कचरा नियमांतही ते आहे, पण नियम जाऊ दे, कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली तर जळणारा माणूस पालिकेचा कामगार असेल. हेही तुमचंच.

पैसे तुम्ही फक्त दोन बल्बचे घेतलेत. रविवारी आईने दिलेल्या खरवसाचा डबा मात्र धुऊन परत केलात, तो रिकामा परत केल्याबद्दल ती अजून बोलते.

आता वही ठेवतो. प्रत्येक पॅकवर मार्करने नंबर, वहीत खरेदीची तारीख, किती वेळा उडवला, महिन्यातून एकदा सेलचा रोध. उडताना सेल 3.5 ला आला की उतरवतो, नवरदेवाच्या मामांनी कितीही "अजून एक राऊंड" म्हटलं तरी. परवा गोव्याच्या लग्नाला विमानाने गेलो. पॅक हातातल्या बॅगेत, प्रत्येकाच्या कनेक्टरला टेप. तपासणीवाल्याने किती वॉट-अवर विचारलं, मी 14.8 गुणिले 1.5, 22.2 असं तोंडावर सांगितलं. 100 च्या आत आहे म्हणून जाऊ दिलं.

एक विचारायचं होतं. पाच नंबरच्या पॅकचा दुसरा सेल नऊवरून अठरा मिलिओहमवर आलाय, दोन महिन्यांत. फुगलेला नाही, पण चार्जिंगला तोच सेल मागे राहतो. मी उडवणं थांबवलंय. शनिवारी दुपारी जेवणानंतर घेऊन येतो, वहीसकट. 3.8 वर ठेवलाय.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा ड्रोनवाला