खुब्याचे ऑपरेशन झाले, पुढे काय?

महोदय,

म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले की आपली सगळी धावपळ ऑपरेशनपर्यंतच चालते. रुग्णवाहिका, रक्ताची सोय, गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेच्या कार्डावरची मंजुरी, रॉड घालायचा की बॉल (मांडीच्या हाडाचे वरचे गोल टोक) बदलायचा. टाके निघाले की पाहुणे पांगतात आणि म्हातारी खाटेवरच राहते.

माझ्या ८१ वर्षांच्या सासूबाई न्हाणीच्या दारात पडल्या. बॉल बदलला. दुसऱ्याच दिवशी इस्पितळात त्यांना वॉकर धरून उभे केले. घरी पाठवताना मात्र कागदावर एवढेच लिहिले होते: ‘चालण्याचा व्यायाम’. कोणता, किती, काही नाही. शेजारणी सांगायच्या, तीन महिने उठू देऊ नका, हाड जुळू दे. सल्ला मायेचाच, पण घातक. पडून राहिल्याने छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गाठी होतात, पाठीला जखमा पडतात, मांडीचे स्नायू बघता बघता वाळतात.

शेवटी फोंड्याहून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी येऊ लागली. तिने आधी व्यायाम घेतलाच नाही, घर पाहिले. गोधड्यांच्या पायपुसण्या उचलल्या, खुर्चीच्या पायांखाली ठोकळे घालून ती उंच केली, न्हाणीपर्यंत रात्रीचा दिवा लावायला सांगितला. बॉल नवा असताना खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, म्हणून पाट बंद, आदोळीवर (विळीवर) बसून नारळ खवणे बंद. याचे सासूबाईंना ऑपरेशनपेक्षा जास्त दुःख झाले! आमच्या घराला उंबरठे चार. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हे त्या प्रत्येक उंबरठ्याशी पुटपुटत. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घेतली की कुरकुर कमी व्हायची. दुखण्यापेक्षा पुन्हा पडण्याची भीतीच मोठी होती. ती गेली ती कोणीतरी जाणते रोज शेजारी उभे राहिल्यामुळेच.

२०१६ पासूनच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचे, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण आहे. त्याचा आधार मोठा. पण घरी येणाऱ्या या मुलीचे पैसे आम्ही खिशातून दिले. सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांतल्या वाड्यांवर हे किती जणांना झेपणार? आरोग्य खात्याने प्रत्येक तालुक्यात घरी जाणारा फिजिओथेरपिस्ट द्यावा. डिस्चार्जबरोबर व्यायामांची चित्रे असलेला कागद मराठी-कोकणीत हाती ठेवावा आणि हाडे ठिसूळ झाली आहेत का, याची तपासणी तेव्हाच सुचवावी. साध्या पडण्याने खुबा मोडला म्हणजे दुसरे हाडही मोडू शकते.

वॉकर आणि कमोडच्या खुर्च्या घरोघरी माळ्यावर धूळ खात असतात. त्या पंचायतीत जमवून गरजूंना द्यायला काय हरकत आहे? आमचा वॉकर मोकळा झाला आहे, सासूबाई काठीवर आल्यात. खुर्ची मात्र अजून काही दिवस लागेल.

– एक निवृत्त शिक्षिका, माशेल