पहाटेचा दमटपणा विसरू नका

‘उन्हाळ्यातही धावा, फक्त पहाटे’ हा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. ऊन टाळण्याचा सल्ला पुणे-नाशिककरांना ठीक. मुंबई आणि कोकण किनारपट्टीवर तो अपुरा आहे. मे महिन्यात इथे पहाटेही पारा २७ अंशांच्या आसपास असतो आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता तर दुपारपेक्षा जास्त. घाम येतो, पण वाळत नाही. आणि शरीर थंड होते ते घाम वाळल्याने, नुसता गळल्याने नव्हे. दोहा येथे २०१९च्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मुद्दाम मध्यरात्री सुरू केली होती. ऊन नव्हतेच, तरी ६८ पैकी २८ जणींना शर्यत अर्धवट सोडावी लागली. त्या तर जगातल्या निवडक धावपटू. ऑफिस गाठण्यापूर्वी मरीन ड्राइव्हवर दहा किलोमीटर उरकणाऱ्यांचे काय? अशा दिवसांत जानेवारीतला वेग विसरावा, धावताना बोलता येईल इतकाच दम लावावा, हे लेखात ठळकपणे यायला हवे होते. आपल्या हवामानाच्या चौकटीत कमाल-किमान तापमानाशेजारी सकाळची आर्द्रताही छापावी, ही विनंती.

– एक वाचक, दादर, मुंबई