तक्रार: महालक्ष्मीच्या डब्याच्या किटमधली चाकं गेजमध्ये नाहीत

प्रति,
कस्टमर केअर, आणि शक्य असेल तर हे किट ज्यांनी डिझाइन केलं त्यांना सुद्धा वाचायला द्या.

विषय: एचओ स्केल (खऱ्याच्या ८७ वा भाग) आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या पद्धतीचा) स्लीपर डबा, दोन किट, चाकं, फ्लोअर आणि डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरं) सदोष असल्याबद्दल.

नमस्कार,

तुमच्याकडून मी मे महिन्यात दोन किट मागवली, एकाचे ४६०० असे दोनाचे ९२०० रुपये आणि वर कुरिअर. बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलंय की रुळावर चालणारं स्केल मॉडेल, १:८७, महालक्ष्मी एक्सप्रेसच्या डिकलसह. ते वाचूनच घेतली. आधी दोन वेळा मेल केली, दोन्ही वेळा तेच छापील उत्तर आलं की हे हॉबी प्रॉडक्ट आहे, थोडं घासावं लागतं, आणि पॅकेट उघडलेलं असल्यामुळे परत घेता येणार नाही. म्हणून आता सगळं मोजून, फोटो काढून सविस्तर लिहितोय, जरा वेळ काढून वाचा.

माझं शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग, दिवसभर पंपाच्या शाफ्टची आणि बुशची कामं चालतात. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर माझ्या हातात रोजच असतो त्यामुळे पुढे जे आकडे देतोय ते अंदाजाने नाहीत. रेल्वेचा नाद मला वडिलांमुळे लागला. आजोबा गुळाची गाडी घेऊन मार्केट यार्डात यायचे तेव्हा वडील सोबत असायचे आणि त्यांचं लक्ष गुळापेक्षा जास्त रेल्वेकडे. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली, ती मिरजेपर्यंतची मीटरगेज, आणि १९७१ ला ब्रॉडगेज झाली तेव्हा वडील चौदा वर्षांचे होते. रुंद रूळ आणि मोठा डबा पहिल्यांदा बघितलेला त्यांना अजून आठवतो. पुढे कामानिमित्त मुंबईला महालक्ष्मीनेच जाणं येणं, रात्री बसायचं सकाळी उतरायचं, असं कितीतरी वर्षं. म्हणून त्यांच्यासाठी हे दोन डबे करायचे होते, नव्वदच्या दशकानंतरचे निळे, खिडक्यांच्या पट्ट्याला फिकट निळा.

आधी जे चांगलं आहे ते सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. बॉडी एक नंबर आहे. आयसीएफ डबा पूर्ण वेल्डेड असतो, त्याला रिव्हेट नसतात, आणि तुम्ही उगाच रिव्हेट टाकलेले नाहीत. मी लांबी मोजली, खरा डबा बफरपासून बफरपर्यंत २२,२९७ मिलीमीटर, त्याला ८७ ने भागलं की २५६ येतात, तुमचा बरोबर २५६. रुंदी ३७.३ यायला पाहिजे, तेवढीच आहे. छपरावरचे व्हेंटिलेटर, खिडकीच्या आडव्या सळ्या, एमर्जन्सी खिडकीला सळ्या नसतात ते सुद्धा लक्षात ठेवलंय. ज्यांनी हे काढलं त्यांनी खरा डबा जवळून बघितलाय हे कळतं. त्यामुळेच खालच्या गोष्टींचं जास्त वाईट वाटलं.

मुख्य तक्रार चाकांची. दोन डबे म्हणजे आठ अ‍ॅक्सल. एचओच्या १६.५ मिलीमीटर रुळावर दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साधारण १४.४ लागतं, अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनचं स्टँडर्ड असो की युरोपातलं, दोन्हीकडे याच्याच आसपास आहे. तुमच्या आठापैकी दोन अ‍ॅक्सल बरोबर निघाले. पाच अ‍ॅक्सल १३.६ ते १३.९ च्या मध्ये आणि एक चक्क १४.८. सरळ रुळावर हे कळत नाही, गाडी मस्त पळते, आणि बहुतेक तुमच्याकडे टेस्ट सरळ रुळावरच झाली असणार. पॉइंटवर, म्हणजे एका रुळाचे दोन रूळ फुटतात तिथं, गेलं की खरं कळतं. अंतर कमी असेल तर चाकाची आतली बाजू चेक रेलवर (चाकाला वाट चुकू न देणारी आतली छोटी पट्टी) दाबून बसते आणि चाक वर चढतं, अंतर जास्त असेल तर चेक रेल त्याला धरूच शकत नाही आणि पलीकडच्या चाकाची कड क्रॉसिंगच्या नाकावर, म्हणजे दोन रूळ मिळतात त्या टोकावर, आपटते. माझ्या लेआउटवर चार पॉइंट आहेत, पहिल्या दिवशी दहा फेऱ्यांत डबा सात वेळा रुळावरून उतरला, तेच इंजिन आणि तेच रूळ, दुसरे जुने डबे लावले की एकदाही नाही.

आता तुम्ही म्हणाल की चाक सरकवून अंतर नीट करून घ्या. तेच केलं, हे मी रोज करतो. सहाही अ‍ॅक्सल १४.४ ला बसवले, अर्धा तास गाडी फिरवली आणि परत मोजलं तर तीन अ‍ॅक्सल परत १४ च्या खाली. म्हणजे चाक अ‍ॅक्सलवर घट्ट बसतच नाही, भोक मोठं आहे, प्रेस फिट पाहिजे तिथं हातानं फिरतंय. मग एका चाकाला फेव्हिक्विकचा थेंब टाकून पक्कं केलं, आणि लेथवर दोन टोकांत धरून डायल लावला तर पाव मिलीमीटर आउट. भोकच ढिलं असल्यावर चाक मधोमध बसणार कसं? साडेदहा मिलीमीटरच्या चाकाला पाव मिलीमीटर आउट म्हणजे डबा चालताना उड्या मारतो, नुसत्या डोळ्यांनी दिसतं. आमच्याकडे असा जॉब गिऱ्हाइकाकडे जाऊच शकत नाही, गो-नो गो गेज (माप बसतं की नाही एवढंच सांगणारा तुकडा) लावलं की दोन सेकंदात कळतं आणि बाजूला पडतो. तुमचे आठातले सहा जॉब रिजेक्ट आहेत आणि ते तपासल्याशिवाय पॅक झालेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो म्हणजे उत्तरात ती यायला नको. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलीमीटर, त्याला ८७ ने भागलं तर १९.३ यायला पाहिजे आणि आपण सगळे १६.५ च्या रुळावर चालवतो, म्हणजे भारतीय मॉडेल आधीच अरुंद रुळावर आहे. हे मला माहीत आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही, बाजारात तेच रूळ आणि तेच पॉइंट मिळतात, ती तडजोड सगळ्यांनी मान्य केलेली आहे. पण तडजोड करून जे माप ठरलंय ते तरी पाळलं पाहिजे ना.

दुसरं, फ्लोअर. दोनपैकी एका डब्याचा फ्लोअर केळीसारखा वाकलेला आला. सरफेस प्लेटवर पालथा ठेवला आणि मधे फीलर गेज घातला, १.८ मिलीमीटर फट. बोगीचे (डब्याखालचा चार चाकांचा गाडा) दोन पिव्हट १७० मिलीमीटरवर आहेत, ते बरोबर आहे, पण मधे वाक असल्यावर दोन्ही बोग्या वेगवेगळ्या कोनात बसतात आणि कोपऱ्यातलं एक चाक हवेतच राहतं. रेझिनचा भाग आहे म्हणून गरम पाण्यात ठेवून काचेवर वजन ठेवून रात्रभर ठेवला, सकाळी सरळ होता, चार दिवसांनी परत वाकला. प्रिंट करून नीट क्युअर न करताच पॅक केलेला असणार असा माझा अंदाज आहे.

रेझिनवरून आठवलं, माहितीपत्रकात लिहिलंय की प्लास्टिक सिमेंटने जोडा. ते सिमेंट प्लास्टिक विरघळवून जोडतं, स्टायरीनला चालतं, रेझिनला ते विरघळवतच नाही. वडील आणि मी एक अख्खी संध्याकाळ बफर आणि पायऱ्या लावत बसलो, हाताने धरून मोजून पाच पाच मिनिटं, आणि बाजूला ठेवलं की टपकन पडायचं. वडिलांचे हात आता थोडे थरथरतात, त्यांना वाटलं त्यांच्याच हातून चुकतंय, आणि ते उठून आत गेले. मला त्याचा अजून राग आहे. नंतर मीच पत्रक परत वाचलं आणि मग एक तुकडा घासून बघितला तेव्हा कळलं की मटेरियल वेगळं आहे. एक ओळ चुकीची छापली की समोरचा माणूस स्वतःला दोष देत बसतो, हे तुमच्या लक्षात यावं म्हणून लिहितोय.

वजनाचं पण बघा. पत्रकात लिहिलंय वेगळं वजन टाकायची गरज नाही. पूर्ण जोडलेला डबा भरला ८४ ग्रॅम. अमेरिकन असोसिएशनचा जो हिशोब आहे, एक औंस आणि वर प्रत्येक इंचाला अर्धा औंस, त्याने दहा इंची डब्याला सहा औंस म्हणजे साधारण १७० ग्रॅम पाहिजे. निम्मंच आहे. मी शिसं टाकून भरून काढलं, त्याची वेगळी तक्रार नाही, पण पत्रकातली ओळ बदला.

आणि आता डिकल, ज्याच्यासाठी मुळात हे किट घेतलं. डिकलचा कागद अगदी पातळ आहे, रंग घट्ट आहे, पाण्यात भिजवून सरकवल्यावर छान बसतो. पण अक्षरं! ज्या कॉम्प्युटरवर ते केलं त्याला देवनागरी जुळवता आलेली नाही. कोल्हापूरमधला ल खाली हलंत घेऊन एकटा उभा आणि त्याच्या पुढे पूर्ण ह. महालक्ष्मीमधला क, ष आणि म तिघं तीन ठिकाणी सुटे, क आणि ष च्या पायात हलंत. आणि मार्गाच्या पाटीवर मिरज लिहिलंय तिथं पहिली वेलांटी म च्या मागे न येता पुढे गेलीय, त्यामुळे ते मरिज झालंय. पाटी सगळी मिळून तीन मिलीमीटर उंच आहे, लांबून कुणाला दिसणार नाही असं तुम्हाला वाटेल. वडिलांनी चष्मा वर सारून डबा डोळ्याजवळ धरला आणि पहिलं वाक्य तेच बोलले, अरे हे मरिज कुठलं गाव? ज्या माणसाने आयुष्यभर ती पाटी बघून डबा शोधला त्याला ते लगेच दिसणारच. आम्ही तो डबा ग्लॉस मारून डिकल लावायला तयार ठेवला होता, तो तसाच कोरा ठेवलाय.

पॅकेट उघडलं म्हणून परत घेत नाही, आणि उघडतानाचा व्हिडिओ मागता, या दोन्ही गोष्टी किटला लागू कशा होतील ते मला समजत नाही. चाकाचं अंतर पॅकेटच्या बाहेरून मोजता येत नाही. व्हिडिओत १३.७ आणि १४.४ मधला फरक दिसत नाही. किट हे उघडून जोडायलाच घेतात.

मला पैसे परत नकोत. बॉडी इतकी चांगली आहे की ती परत द्यायची इच्छाच नाही. मला आठ अ‍ॅक्सल पाहिजेत, घट्ट बसणारे आणि मापात असलेले, एक सरळ फ्लोअर, आणि अक्षरं दुरुस्त केलेलं डिकल दोन डब्यांचं. अक्षरं छापायच्या आधी मला एक फोटो पाठवा, मी आणि वडील दोघं तपासून देतो, त्याचे पैसे नकोत. चाकांसाठी मी एक छोटं गो-नो गो गेज स्टीलमध्ये करून देतो, एका बाजूला १४.३ आणि दुसऱ्या बाजूला १४.५, पॅक करणाऱ्या माणसाच्या टेबलावर ठेवा. ते पण पैसे न घेता. आपल्या गाड्यांची मॉडेल करणारे आधीच मोजके आहेत, त्यातलं एक चांगलं किट चाकांपायी बदनाम होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पण १५ दिवसांत काहीच उत्तर आलं नाही किंवा परत तेच छापील उत्तर आलं तर मी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, नोंद करणार आणि तरी नाही झालं तर इथल्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या कायद्याप्रमाणे मी राहतो तिथंच तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला फी पण नाही. बिल, बॉक्सचे फोटो, मोजमापाचा तक्ता आणि पॉइंटवर डबा उतरतानाचा व्हिडिओ सोबत जोडलाय.

घाईचं कारण पण सांगतो. दरवर्षी आमच्या घरच्या गणपतीपुढे लेआउट मांडतो, गल्लीतली पोरं सगळी येतात, आणि यंदा दोन निळे डबे जोडून महालक्ष्मी फिरवायची असं वडिलांनी पोरांना आधीच सांगून ठेवलंय. कुरिअर वर्कशॉपच्या पत्त्यावर पाठवा, सोमवारी बंद असतं, बाकी दिवस सकाळी नऊपासून मी असतो.

आपला,
दोन किटचा ग्राहक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर